शेवटच्या रिळातला अडसर

२ फेब्रुवारी, सोमवार

नवी नोकरी लागली. ही वही लेकीने दिली, तिच्या ऑफिसातली गेल्या वर्षीची डायरी. वार चुकीचे छापलेत, ते खोडून मी बरोबर लिहीन. माझी शाळा चौथीतच सुटली, पण इथे रजिस्टर भरावं लागणार, तर हात वळायला रोज चार ओळी लिहीत जा म्हणाली. लिहिते. अक्षराला नावं ठेवायची असतील तर वाचूच नका.

बावीस वर्षं मी कपड्यांच्या कारखान्यात चेकिंगला होते. शिवून आलेला माल उलटा करायचा, शिवणीवरून बोट फिरवायचं, सुटा धागा दिसला की कात्री, टाका चुकला की माल परत. कारखाना बंद पडला तेव्हा तीनशे बायका घरी बसल्या. मी बसले नाही. मला बसता येत नाही.

जागा मजेची आहे. गल्लीच्या टोकाला दुमजली इमारत, खाली छोटं थिएटर. चाळीस लाल खुर्च्या, त्यातल्या तीन मोडक्या. दर शुक्रवारी दुपारी तीन वाजता इथे जुने भुताचे पिक्चर दाखवतात, काळे-पांढरे. दुसरं काही दाखवतच नाहीत. चौदा पायऱ्या चढल्या की वर मशीनची खोली. तिला दार नाही, काळा पडदा टांगलाय, कारण मशीन तापलं की आत जीव गुदमरतो. पुढे लांब बोळकांडी आणि तिच्या टोकाला मालकीणबाईंची खोली.

मालकीणबाई म्हणजे एके काळच्या नटी. आता पंच्याऐंशीच्या. हातात काठी, ओठांना लाली. मला बघून विचारलं, पोरी, भुतांना भितेस का? बावन्न वर्षांची मी, गुडघे कुरकुरतात, आणि मी पोरगी! मी म्हटलं, बाई, सासूबरोबर एकोणीस वर्षं काढलीत, भुतांचं काय घेऊन बसलात. इतक्या हसल्या की काठी पडली.

४ फेब्रुवारी, बुधवार

काम समजलं. मशीनवाले काका शिकवतात. बाईंपेक्षा दोन वर्षांनी लहान, बाईंच्याच पिक्चरला दिवे धरायचे, तेव्हाचा कॅमेरा आणि एक कोरं रीळ अजून जपून ठेवलंय. दोघं दिवसभर भांडतात. बाई म्हणतात, याने माझं नाक जाड दाखवलं. काका म्हणतात, नाकाला मी काय करू, देवाने दिलंय. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकलाय की कपातला चहा संपला हे त्यांना घोट घेतल्यावर कळतं. म्हणून माझे हात हवे आहेत.

दोन चकत्या, मध्ये टेबल. एकीवरची फिल्म दुसरीवर गुंडाळायची आणि जाता जाता तिची कड अंगठा आणि बोटात धरायची. कडेची भोकं फाटली असतील तर बोटाला टोचतं. टोचलं की थांबायचं, पट्टी लावायची. म्हणजे शिवणच तपासायची, वेगळं काय आहे त्यात? पहिल्या दिवशीच मी सात फाटकी भोकं काढली. काका म्हणाले, ताई, तुमच्या बोटांना डोळे आहेत. मी म्हटलं, जिभेलाही आहेत, जपून राहा.

एक नियम आहे. फिल्मचा तुकडा कापावा लागलाच तर फेकायचा नाही. नखाएवढा असला तरी डबीत ठेवायचा, वर तारीख लिहायची. कपाटात अशा अडीचशे डब्या आहेत. कारखान्यात दिवसाला चार पोती कापटं झाडून टाकायचो आम्ही. इथे कचऱ्याची पूजा. असो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला शुक्रवार. माणसं अकरा. एक निवृत्त दातांचे डॉक्टर पहिल्या रांगेत, दोघी बहिणी विणकाम घेऊन मधल्या रांगेत. पडद्याकडे बघत सुया चालतात, टाका चुकत नाही. मानलं.

पिक्चरला मात्र मी हसून हसून मेले. वटवाघूळ उडतं तर त्याची दोरी दिसते. थडगं पुठ्ठ्याचं, धक्का लागला तर हललं. भुताच्या पायात पॉलिश केलेले बूट. संपल्यावर मी वरूनच ओरडून सांगितलं की हा माल मी परत पाठवला असता.

बाईंनी बोलावून घेतलं. वाटलं, गेली नोकरी. त्यांनी शांतपणे विचारलं, दोरी दिसली, बूट दिसले, मग पिक्चरमधली माडीवरची बाई मागे वळली तेव्हा तू पदर तोंडात का कोंबलास? खरंच कोंबला होता.

माणसं गेल्यावर आणखी एक प्रकार. बाई एकट्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या आणि काकांनी एका दुसऱ्या पिक्चरचं नुसतं शेवटचं रीळ लावलं. दहा मिनिटांचं. दर शुक्रवारी लावतात म्हणे, साठ वर्षांत एकही शुक्रवार चुकला नाही. पिक्चर बाईंचाच. एक मुलगी परक्या घरात नोकरीला येते आणि बोळात एक लांब कोटवाला उभा असतो. करत काही नाही. नुसता उभा, दर वेळी थोडा जवळ. अंगावरून पाणी गळत असतं, तोंड एकदाही दाखवत नाहीत. शेवटी मुलगी दार लावते, आडवा लाकडी अडसर खाली घालते, दाराला पाठ लावून उभी राहते. बंद दार. समाप्त.

मुलगी म्हणजे बावीस वर्षांच्या बाई. नाक जाड नाहीये. अडसर पडला तशा खाली बसलेल्या बाईंनी श्वास सोडला, तो मला वर मशीनपर्यंत ऐकू आला. स्वतःची तरुण छबी बघायचा नाद, दुसरं काय.

एक मी पकडलं. त्या कोटाची डावी बाही पक्की शिवलेलीच नाही. खांद्यावर पांढरा कच्चा टाका स्पष्ट दिसतो. काकांना सांगितलं तर चाट पडले. म्हणाले, शिंप्याने माप बघायला लावली होती, पक्की करायची राहून गेली. साठ वर्षांत हे कोणाला दिसलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सोळा माणसं. आणि आज मी हसले नाही.

आठवडाभर एकेक रीळ बोटाखालून जातंय. हाताने तपासलं की कळतं किती कष्ट आहेत. काका सांगतात, धूर म्हणजे ओल्या गवताचा, धुकं म्हणजे दिव्यापुढे धरलेली मलमल. एकच दिवा, तो हनुवटीखाली धरला की गरीब माणूसही सैतान दिसतो. नवे पिक्चर मी टीव्हीवर पाहिलेत. भूत तोंडावर येऊन ओरडतं, माणूस दचकतो आणि पुन्हा भाजी निवडायला लागतो. यांच्यातलं भूत ओरडत नाही. ते वाट बघतं. आपणच मनात त्याला तोंड लावतो, आणि घरी जाताना ते तोंड आपल्याबरोबर येतं.

कारखान्यात मी म्हणायचे, शिवण दिसली की माल वाईट. ते चूक होतं. इथे शिवण दिसते, दोरी दिसते, पुठ्ठा दिसतो, तरी काटा येतो. याला खरी शिलाई म्हणायचं. लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, आई, तू नोकरी करतेस की शाळा?

बाईंच्या खोलीचं दार आज नीट पाहिलं. ते पिक्चरमधलंच दार आहे! बाईंनी तेव्हाच मागून घेऊन इथे बसवलं. पडद्यावर सागवानी वाटतं. टकटक केलं तर डब्यासारखं वाजलं. पातळ फळी, वर ब्रशने लाकडाच्या रेषा ओढल्यात. अडसर तेवढा खरा, भिंतीला टेकून ठेवलेला, वर धूळ. विचारलं, लावत नाही का? बाई म्हणाल्या, पडद्यावर लागतो तेवढा पुरतो.

म्हातारपण.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काका डोळ्यांच्या ऑपरेशनला गेले. दोन आठवडे मशीन माझ्या हवाली. सगळं सांगितलं, आणि जिन्यातून परत वर येऊन पुन्हा सांगितलं की बाईंचं शेवटचं रीळ कापायचं नाही, फाटलं तर जसंच्या तसं जोडायचं. मी म्हटलं, काका, जा आता, डॉक्टर थांबलाय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

उद्यासाठी रिळं गुंडाळत होते. बाईंचं शेवटचं रीळ अगदी टोकाशी आलं तेव्हा बोटाला असं टोचलं की रक्त आलं. बघते तर दोन वितींची पट्टी पार चिंध्या झालेली. दोन्ही कडांची भोकं गेलेली, मध्ये उभी चीर. हे जोडणार कसं? मशीनमध्ये अडकलं तर सगळं रीळ जळेल. चांगल्या कापडाला कुजका काठ लावून कोणी देत नाही. कात्री घेतली, दोन्हीकडे सरळ कापलं, सांधा मारला. हात फिरवला तर कळतही नाही. झकास.

तुकडा केराच्या बादलीत. डबीचं आठवलं, तोवर कचऱ्याची गाडी गेली होती. दोन विती. मशीनवर एक सेकंदही धड होत नाही. कोणाला कळणार आहे?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कळलं.

लोकांचा पिक्चर छान झाला. दातांचे डॉक्टर मला सलाम ठोकून गेले. मग बाई बसल्या, मी शेवटचं रीळ लावलं. मुलगी दार लोटते, आणि एकदम दाराला पाठ लावून उभी. मधला अडसर नाही. मी नेमकं तेवढंच कापलं होतं.

बाई उठून उभ्या राहिल्या. काठीशिवाय. समाप्त येऊन पडदा पांढरा झाला तरी उभ्याच. वर मान करून माझ्या खिडकीकडे बघत विचारलं, पोरी, अडसर कुठे गेला?

मी सरळ सांगितलं. फाटला होता, कापला, टाकला, चूक झाली, पगार कापा. रागावतील, आरडाओरडा करतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, कुठे टाकलास, आणि मी सांगितल्यावर डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, माझ्या खोलीतला अडसर मला उचलत नाही, जाताना तू लावशील? मी म्हटलं, मी आतून लावला तर मी घरी कशी जाणार? त्यावर हसल्या. पण नेहमीचं हसणं नव्हतं ते.

२३ फेब्रुवारी, सोमवार

बोळकांडीत पाणी. जिन्याच्या तोंडाशी, दोन पावलांएवढं थारोळं. वरचा नळ गळत असेल म्हणून नळवाल्याला बोलावलं. त्याने भिंतीला कान लावला, छत ठोकलं, म्हणाला, मावशी, या बाजूला पाइपच नाही.

मी पुसून घेतलं. फडक्याला एक दोरा लागला. पांढरा, जाड, पीळ सैल. कच्च्या टाक्याचा दोरा मी झोपेतही ओळखेन.

आमच्या अंगावरून पडला असेल कुठून तरी.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पाणी पुन्हा. जिन्यापासून चार हात आत. आज नळवाल्याला बोलावलं नाही.

रीळ काढलं, काचेखाली दिवा लावून एकेक चित्र पाहिलं. मुलगी पाठ लावून उभी आहे ते शेवटचं दृश्य. तिच्या मागे दार आणि चौकट यांच्यात काळी फट आहे. दोऱ्याएवढी. पुढच्या चित्रात सुतळीएवढी. त्याच्या पुढच्यात करंगळी जाईल एवढी. हे रीळ मी दोनदा बोटाखालून घातलंय, डोळ्यांखालून घातलंय. फट नव्हती. पैजेवर सांगते, नव्हती.

बाईंना दाखवलं नाही. त्यांना माहीत आहे. दिवसभर दाराला खुर्ची लावून बसतात. मी संध्याकाळी निघताना माझा हात धरला. हात बर्फ. म्हटलं, बाई, मी सकाळी आठला हजर, तुम्ही जेवा आणि झोपा, त्याचं मी बघते. कोणाचं ते मी बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी आठला बाईंना चहा दिला, मग कचरा डेपो. तिथल्या मुकादमाने मला वेड्यात काढलं. डोंगराएवढा ढीग, त्यात गुरुवारचा कचरा तळाला, वर यंत्र फिरलेलं. दोन तास उकरलं. नाही.

मग दवाखान्यात काकांकडे. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, कापलंत ना? मी हो म्हटलं. मग सगळं सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

कोटवाल्याच्या कामाला एक उंच हमाल ठरवला होता. शेवटचं दृश्य होतं त्या दिवशी तो वेळेवर आला, कोट घालून बोळात उभा राहिला, कोणाशी बोलला नाही. उंच माणसं अबोल असतात, कोणाला काही वाटलं नाही. बाईंनी दार लावलं, अडसर घातला, दृश्य संपलं. तरी बाई दार उघडेनात. पलीकडून कोणीतरी दाबतंय म्हणाल्या. पाऊण तासाने उघडलं तर बोळात कोणी नाही, खाली पाणी. आणि संध्याकाळी हमालाची बायको निरोप घेऊन आली, की हे सकाळपासून तापाने फणफणलेत, आज कामाला येणार नाहीत.

कोट पुन्हा सापडला नाही.

मी म्हटलं, जाळून टाकते ते रीळ. काका पट्ट्यांसकट माझ्याकडे वळले. म्हणाले, ताई, दार त्या रिळातच आहे. रीळ जाळलं तर दार जळेल. तो कुठे जळणार? तो तर बाहेर आहे.

काकांचं म्हणणं एकच, पिक्चर पडद्यावर पूर्ण व्हायला हवा, अडसरासकट. बघायला कोणी असो वा नसो. दुसरी प्रत नाही. मग मी विचारलं, काका, एक सेकंदच ना? तुमचा जुना कॅमेरा चालतो का?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

खाली पाटी लावली, आज खेळ नाही. दातांचे डॉक्टर कुरकुरत गेले. विणणाऱ्या बहिणी माझ्यासाठी मोजे ठेवून गेल्या.

तीन वाजता बरोबर बाईंच्या दारावर—

ठोठावलं नाही. दाबलं. पातळ फळी आत फुगली, पोट फुगावं तशी. मी आतच होते, अडसर घातलेला होता. लाकूड करकरलं. मी पाठ लावली दाराला. पलीकडे गार, ओलं, माणसापेक्षा उंच. माझ्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर ते दाबत होतं.

बाई पलंगावरून म्हणाल्या, पोरी, मला नेऊ दे, तू का मरतेस. मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, गप्प पडून राहा, बावीस वर्षांत मी खराब माल पुढे जाऊ दिला नाही, आता काय जाऊ देणार.

दहा मिनिटं. रिळाएवढीच. मग थांबलं.

अडसराला चीर गेलीय. पुढचा शुक्रवार तो काढणार नाही.

१ मार्च, रविवार

काकांना घरी आणलं. एक डोळा उघडलाय, दुसरा पट्टीत. डॉक्टरांनी पंधरा दिवस विश्रांती सांगितली. काका म्हणाले, बाईला सांगा विश्रांतीचं, साठ वर्षं माझं डोकं खातेय. बाई म्हणाल्या, मेल्या, उशीर केलास. दोघंही रडत होते. मी चहा केला.

बाईंच्या हाताने अडसर उचलत नाही. म्हणजे माझा हात. बाईंनी आठवून सांगितलं, बाहीला मनगटाशी झालर होती, तीन चुण्यांची. जुन्या चादरीची बाही बेतली, झालर लावली, पक्क्या टाक्याने. माझ्या हातावर इस्त्रीचा जुना डाग आहे. काका म्हणाले, राहू दे, दिवा असा धरतो की डाग सावलीत जाईल आणि तीस वर्षं उतरतील. मी म्हटलं, मग चेहऱ्यालाही धरा एकदा.

३ मार्च, मंगळवार

काढलं. दुपारी दोनला. काकांनी बोटांनी चाचपून कॅमेरा लावला, बाईंनी पलंगावर बसून दिवा धरला. दिवा हलत नव्हता. पंच्याऐंशीचे हात, पण दिवा हलला नाही. मी अडसर उचलला, घातला. खट. काका म्हणाले, पुन्हा. सात वेळा घातला. खांदा निखळायचा तेवढा राहिला.

सातव्या वेळी बाहेरून कोणीतरी हळूच—

मी अडसर सोडला नाही. काकांनी कॅमेरा थांबवला नाही. बाई म्हणाल्या, हे ठेवा. हेच खरं आलंय.

५ मार्च, गुरुवार

न्हाणीघरात बादल्यांमध्ये फिल्म धुतली, दोरीवर वाळत घातली, कपड्यांसारखी. दोन विती मोजून कापल्या. उरलेला तुकडा डबीत. तारीख लिहिली. ही माझी डबी.

सांधा मारला. हात फिरवला. जुनी फिल्म कुठे संपते आणि माझी कुठे सुरू होते, बोटाला कळत नाही. माझी आजवरची सगळ्यात चांगली शिवण.

पाणी आता मशीनच्या खोलीपाशीही आलंय. काळ्या पडद्याचा खालचा काठ ओला.

आता एक गोष्ट. काकांनी सांगायचं टाळलं, मीच विचारली. उद्या पडद्यावर अडसर पडला की दार लागेल. बाई आत, म्हणजे सुटल्या. पण मशीन कोणीतरी चालवायला हवं. मशीनची खोली बोळकांडीत आहे. दाराच्या बाहेर. जो बाहेर, तो त्याच्याबरोबर बाहेर.

काका म्हणाले, मी चालवतो, एक डोळा आहे. बाई म्हणाल्या, मी मशीनपाशी जाऊन बसते, काम माझंच राहिलंय. मी दोघांनाही झापलं. म्हटलं, काका, तुम्हाला एका डोळ्याने मशीन सांभाळता येणार नाही, बाईंना तर ते चालवताच येत नाही. कात्री माझी, कापलं मी. खराबी ज्याची, दुरुस्ती त्याने करायची, कारखान्याचा नियम.

बाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला. पोरी म्हणाल्या. आज राग आला नाही.

लेकीला फोन केला. काही सांगितलं नाही. म्हटलं, जुने पिक्चर बघत जा, चांगले असतात. हसली.

६ मार्च, शुक्रवार

दुपारचे पावणेतीन. दोघं आत. आतून दारावर टकटक करून काकांनी सांगितलं की अडसर घातलाय. चीर गेलेला. बघू.

लिहीत राहणार आहे. हात कामात असला की बरं असतं.

तीन. मशीन सुरू. खाली चाळीस खुर्च्या रिकाम्या.

एकोणचाळीस.

पहिल्या रांगेत, बाईंच्या जागी, कोणीतरी बसलंय. बसूनही पडद्याचा खालचा भाग झाकतंय एवढं उंच. हलत नाही. पिक्चर बघतंय. आणि पडद्यावर बोळ आहे, पण बोळात कोणीच उभं नाही.

चौथं मिनिट. मुलगी धावतेय. काय धावते बाई! रिकाम्या बोळाकडे बघून असं धावायचं म्हणजे कला आहे. कोणी नसतानाही मला घाम फुटला. जातिवंत काम.

सहा. ते उठलंय. खुर्चीवरून नव्हे, खुर्ची तशीच, ते वर— वाढत—

वळलं. उजेडाकडे. माझ्या खिडकीकडे. तोंड आहे पण मी बघणार नाही. बाईंनी नाही बघितलं, मीही नाही.

आठ. जिना. एक. दोन. ओलं पाऊल वाजतं. घाई नाही त्याला. मलाही नाही.

मशीन थांबवणार नाही. थांबवायला हवं आहे त्याला. नाही.

पायऱ्या अकरा. पडद्यावर दार लोटलं.

माझा हात! झालर, तीन चुण्या, डाग दिसत नाही. अडसर—

खट.

लागला! पडला जागेवर! आणि बोळकांडीच्या टोकाला खरं दारही वाजलं, सागवानी वाजलं, डब्यासारखं नाही. बाई आत रडतायत की हसतायत. सुटल्या. साठ वर्षांचं काम झालं. समाप्त आलं पडद्यावर, मी डोळ्यांनी पाहिलं.

चौदा.

काळा पडदा हलतोय. खाली पाणी, माझ्या चपलांपर्यंत.

कात्री हातात आहे. मोठी नाही, धागे कापायची, बावीस वर्षांची, माझी. लोकांना तू भूत दिसत असशील. मला कोट दिसतो. कोट म्हणजे शिवण. आणि तुझी डावी बाही अजून कच्च्याच टाक्यावर आहे, ती मी पहिल्याच दिवशी पकडली होती.

ये. ये आत. असाच माल मी रोज—

खांदा समोर आहे. दोरा दिसतोय. पांढरा. एक टोक सुटं आहे, बोटात येत

आलं. ओढते आता. उसव